दहा हजार पावलांचा हट्ट कशासाठी?

"घड्याळ खोटं बोलत नाही. रोज दहा हजार पावलं होत नसतील तर तुम्ही आळशी आहात," असा पावलं मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळांबद्दलचा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. हा आकडा शास्त्राने ठरवला आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे, असंही त्यात ठासून म्हटलं आहे.

आकडा शास्त्राचा नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. पुढे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी आढळलं. साधारण ७,५०० नंतर फायदा वाढत गेला नाही. चार हजार पावलं चालणाऱ्या आजीला आळशी म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

घड्याळ खोटं बोलत नसेल, पण त्याला पाय दिसत नाहीत. हाताच्या हालचालीवरून ते पावलांचा अंदाज बांधतं. वॉकर धरला की हात स्थिर राहतात आणि मोजणीतून पावलं गळतात, अगदी हळू चालणाऱ्यांचीही गळतात. कॅलरींचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७मध्ये मनगटावरची अशी सात उपकरणं तपासली, तेव्हा सर्वांत बऱ्या उपकरणाचा कॅलरींचा अंदाजही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला होता.

"सगळ्यांना लागू" हे मला सर्वांत जास्त खटकतं. व्हीलचेअर वापरणारा माणूस चढावर चाकं रेटून घामाघूम होतो, आणि मेसेजच्या हिशेबात त्याची पावलं शून्य! अॅपलने २०१६मध्ये घड्याळात व्हीलचेअरची सोय दिली. त्यात चाकांना दिलेले रेटे मोजले जातात. म्हणजे मोजता येतं, फक्त त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून यंत्र घडवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र शिफारस आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत. माप मिनिटांचं आहे, पावलांचं नाही. पोहणं, खुर्चीत बसून केलेला व्यायाम, चाकं रेटणं, सगळं त्यात बसतं. बोलता येतं पण गाता येत नाही इतकी धाप लागली, की श्रम मध्यम समजावेत.

आईवडिलांना घड्याळ घेऊन देणार असाल तर आधी त्यांच्यासोबत शंभर पावलं तोंडाने मोजत चाला आणि घड्याळ किती दाखवतं ते पाहा. वॉकर असेल तर घोट्याला बांधायचं उपकरण बघा.