बारा मीटरच्या जुन्या काईटबद्दल तुम्ही लिहिलेल्या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय परवाच वाचला होता. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचून मला राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा निम्म्याहून जास्त पटला. म्हणून आज शांतपणे लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यांनी आमच्याकडून बारा (चौरस) मीटरची वापरलेली काईट, म्हणजे काईटसर्फिंगचा हवेने फुगवायचा पतंग, आणि तो हाताळायचा बार (दांडा) फोटो बघून मागवले. जाहिरातीत आम्ही 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. हातात आल्यावर कापड मऊ निघालं, रात्रभर फुगवून ठेवली तर मधला स्ट्रट (काईटचा आकार धरून ठेवणारी हवेची नळी) सकाळी लोळत पडलेला, आणि पाण्यावर काईट सारखी मागे घसरून कोसळते. शिवाय एक ठिगळ, आणि 'जुनं मॉडेल नवं म्हणून खपवलं' असा आरोप. शेवटी, 'यापेक्षा थेट एखाद्या सर्फरकडून घेतली असती तर फसलो नसतो.'

आधी स्ट्रट. ही चूक आमची, सरळ सांगतो. आमच्याकडे आलेली प्रत्येक काईट फुगवून, लीडिंग एजपासून (पुढच्या कडेच्या जाड हवेच्या नळीपासून) स्ट्रटकडे जाणाऱ्या नळ्यांच्या क्लिपा बंद करून रात्रभर ठेवायची, असा आमचाच नियम आहे. क्लिपा उघड्या राहिल्या तर हवा सगळीकडून एकत्र उतरते आणि दोषी कोण ते कळत नाही. बंद असल्या की सकाळी ज्यात गळती आहे तोच स्ट्रट मऊ लागतो. तुमच्या काईटच्या वेळी घाई होती. फुगवली, फोटो काढले, अर्ध्या तासात गुंडाळली. अर्ध्या तासात तर गळका ब्लॅडरही (नळीच्या आतली हवेची पिशवी) पैलवानासारखा टणक दिसतो. गळती आमच्याकडे होती की पार्सलमध्ये दुमडून झाली, यावर मी वाद घालणार नाही. तपासलंच नाही, तर बोलणार कुठल्या तोंडाने?

साबणाच्या पाण्याचे बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी आले असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे व्हॉल्व्हचा गोंद सुटलाय. हवा भरलेली काईट उन्हात तापत पडली की हे होऊ शकतं. हे दुरुस्त होतं, अगदीच नाही झालं तर त्या स्ट्रटचा ब्लॅडर बदलता येतो.

कापडाचं तसं नाही. ते गेलं की गेलं. आणि नेमकं तेच फोटोत दिसत नाही. नवं रिपस्टॉप (फाट पसरू नये असं विणलेलं) कापड चुरगाळलं की कागदासारखं करकरतं. मीठ, ऊन आणि वाऱ्यात फडफडणं यांनी त्यावरचा लेप उतरत जातो, कापड धुतलेल्या ओढणीसारखं होतं, पण रंग मात्र झकास राहू शकतो. आमच्या फोटोंत तुम्हाला तो रंग दिसला. आम्हाला हाताला मऊपणा लागला होता, आणि तरी आम्ही 'उत्तम' लिहिलं. आमच्या मनात त्याचा अर्थ 'वयाच्या मानाने उत्तम' असा होता. तुम्ही तो कसा ओळखावा? हा शब्द आता आमच्या सगळ्या जाहिरातींतून काढलाय.

खरं सांगायचं तर यात आम्हीही पोळलोय. एकदा दुरून एक काईट घेतली, 'फक्त पाच वेळा वापरलेली'. पोचल्यावर मागच्या कडेजवळचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं आणि अंगठ्यांनी जोरात दाबलं. अंगठा आरपार. पाच वेळाच वापरली असेलही, पण त्या पाच दिवसांत ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाळूत फुगवलेली पडून असणार. किती वेळा उडवली याला फारसा अर्थ नाही, उन्हात किती तास पडली ते विचारावं. अर्थात, ते कोणी खरं सांगत नाही.

ठिगळाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. त्याचा जवळून घेतलेला फोटो जाहिरातीत पाचव्या क्रमांकावर होता. दोन बोटांएवढ्या फाटीवर नीट लावलेली रिपस्टॉपची पट्टी हा दोष नव्हेच. लीडिंग एजच्या शिवणीला समांतर लांब फाट असती, तर मी स्वतः ती काईट विकली नसती.

मॉडेलचंही तसंच. 'मॉडेल २०१९, खरेदी २०२१' असं आम्ही दोन्ही लिहिलं होतं. दुकानात पडून राहिलेला माल दोन वर्षांनी विकला जातो, त्यामुळे बिलावरचं साल आणि मॉडेलचं साल वेगळं असणं नेहमीचंच आहे. तुम्ही दुसरा आकडा धरलात.

आता कोसळण्याबद्दल. तुमच्या व्हिडिओत काईट डोक्यावर येते, थबकते आणि पाठीमागे पडते. हा लाइन्सचा, म्हणजे बारपासून काईटपर्यंत जाणाऱ्या दोऱ्यांचा दोष आहे. बहुतेक भार मधल्या दोन लाइन्सवर येतो, त्या काळाबरोबर ताणून लांब होतात. कडेच्या लाइन्स मग त्यांच्या मानाने आखूड पडतात, म्हणजे तुम्ही बार सोडलात तरी काईटला तो ओढलेलाच वाटतो. चारही लाइन्सची टोकं एका हुकात अडकवा, ट्रिम (मधल्या लाइन्स आखूड-लांब करायचा पट्टा) पूर्ण सैल सोडा, मागे जाऊन बार ताणा. तुमच्या फोटोवरून माझा अंदाज चार बोटांच्या फरकाचा आहे. वापरलेल्या बारमध्ये हे होतंच, याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण मोजून लिहायला आम्हाला दहा मिनिटं लागली असती, ती आम्ही दिली नाहीत. तुमच्या बारला कडेच्या लाइन्स जिथे जोडल्या आहेत तिथे जास्तीच्या गाठी आहेत, त्यावर थोडं जुळवता येईल. लाइनला मात्र स्वतःहून गाठ मारू नका, गाठीपाशी लाइन कमकुवत होते.

तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटली: क्विक रिलीज, म्हणजे संकटात काईटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ. ते आम्ही तपासलं होतं, वजन टांगून दहा वेळा उघडलं होतं. पण तुम्ही विचारलं नव्हतं, आणि आम्हीही व्हिडिओ पाठवला नाही. काईटच्या रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० साली आलं. त्याआधीचे बार वाईटच असतात असं नाही, पण अनोळखी माणसाकडून असा बार घेताना ताणाखाली रिलीज उघडताना आणि पुन्हा बसवताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

थेट सर्फरकडून घ्यायची असेल तर जरूर घ्या, मी मनापासून सांगतोय, आमच्याहून प्रामाणिक माणसं तिथे आहेत. फक्त 'कंडिशन कशी आहे?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर जगात एकच आहे, 'एकदम मस्त'. त्याऐवजी व्हिडिओ मागा. फुगवलेल्या काईटसमोर आजची तारीख लिहिलेला कागद. मग काईट उजेडाकडे धरून आतून एक फेरी: बारीक भोकं चांदण्यांसारखी चमकतात, शिवलेली दुरुस्ती गडद दिसते. मग मोबाईलच्या अगदी जवळ कापड चुरगाळायला सांगा आणि नुसतं ऐका. ब्रायडलच्या (लाइन्स काईटला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या जाळ्याच्या) पुली जवळून बघा, तिथे दोरी घासून केसाळ झालेली असते. सिरियल नंबरचा फोटोही मागा, चोरीचा माल असेल तर विकणारा इथेच टाळाटाळ करतो. आणि 'मित्राला पैसे पाठवतोय' अशा पर्यायातून पैसे द्यायला सांगितलं तर तिथेच थांबा, त्या मार्गाने गेलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं.

तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवतो. काईट ठेवायची असेल तर स्ट्रटचा नवा ब्लॅडर आणि लाइन्सचा नवा संच आमच्याकडून, शिवाय मऊ कापडाच्या हिशेबाने किमतीतला फरक परत. नको असेल तर पूर्ण पैसे परत, दोन्ही बाजूंचा पाठवण्याचा खर्च आमचा. अभिप्राय बदला असं मी म्हणणार नाही, मॉडेलच्या सालाचं वाक्य तेवढं पुन्हा एकदा जाहिरातीशी ताडून बघा.

आणि परत पाठवायचं ठरवलंत तर लाइन्स गाठींवर जुळवू नका, आत्ता आहेत तशाच बारवर गुंडाळून पाठवा. माझा चार बोटांचा अंदाज बरोबर होता का, ते मला मोजून बघायचंय.