गाडी खाली घेताना उंची कुठून कापली, हे आधी बघा

नमस्कार ताई,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: उंची पाच फूट एक इंच, वजन 52 किलो, गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन 411. मेकॅनिकनं मागचा प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल केला, पुढचे फोर्क टीमध्ये, म्हणजे त्यांना वर धरणाऱ्या कंसात, 30 मिमी वर सरकवले, आणि एकही पार्ट न घेता चवडे टेकायला लागले. मी मात्र गाडी खाली घेण्याच्या लेखात लिंक (मागचा शॉक चाकाच्या दांड्याला जोडणारी पट्टी), स्टँड, सीट असा खर्च सांगून कमी उंचीच्या लोकांना घाबरवतो.

प्रीलोडबद्दल तुमचं बरोबर आहे. लेखात ते यायलाच हवं होतं. मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपनं मोजा. मग जॅकेट-बूट घालून, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून बसा. एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं तेच अंतर पुन्हा मोजायचं. फरक म्हणजे सॅग. मागची ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण वर-खाली होतं ते अंतर, 180 मिमी, तिचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 55 ते 60 मिमी सॅग हवा. हलक्या माणसाला तो कंपनीच्या सेटिंगवर 40-45च भरत असेल, तर प्रीलोड कमी करणं ही दुरुस्तीच झाली आणि 15 मिमी उंची फुकटात उतरली. पण सॅग 75च्या पुढे गेला असेल तर खड्ड्यासाठी जेमतेम 105 मिमी उरतात. सामान लादलं की शॉक तळाला आपटणार. चाक उचलल्यावर स्प्रिंग हातानं खुळखुळत असेल, तर प्रीलोडची कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी रिंग) आजच आवळून घ्या.

पुढच्या 30 मिमीचं बघू. फोर्क तिरका असल्यामुळे गाडीचं नाक सरळ खाली 27 मिमी येतं. मागून 15 उतरली असेल तर फरक 12 मिमीचा. 1465 मिमी व्हीलबेसवर (दोन चाकांमधलं अंतर) हेड अँगल, म्हणजे फोर्कचा तिरकेपणा, जेमतेम अर्धा अंश उभा होतो. हँडल किंचित हलकं वाटेल, दिव्याचा झोत 10 मीटरवर 8 सेंमी खाली येईल. एवढं चालून जातं.

माझी हरकत आहे ती फोर्क पूर्ण दबल्यावर काय होतं याला. फोर्क सरकवल्यानं ट्रॅव्हल कमी होत नाही, 200 मिमीच राहते. म्हणजे पूर्ण दबलेल्या फोर्कवर टायर पूर्वीपेक्षा 30 मिमी जास्त वर येतो, थेट त्या चोचीसारख्या वरच्या मडगार्डकडे. उतारावर ब्रेक दाबलेला असताना खड्डा आला आणि टायर तिथं घासला, तर पुढचं चाक अडकू शकतं. हे चालवून कळत नाही, उभ्या गाडीवर तपासावं लागतं. गाडी इंजिनखाली जॅकवर घ्या, फोर्कची झाकणं उघडून स्प्रिंग काढा, जॅक हळूहळू उतरवत फोर्क तळापर्यंत जाऊ द्या. टायर आणि त्याच्या वरची कुठलीही वस्तू यांत किमान 10 मिमी फट हवी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ब्रेकची नळी ताणत नाही ना आणि वर आलेले फोर्क हँडलला लागत नाहीत ना, तेही बघा. फोर्कच्या दोन्ही नळ्या टीच्या वर सारख्याच आल्या आहेत का, ते व्हर्नियरनं मोजा. अर्धा मिमीसुद्धा फरक ठेवू नका, एक्सल तिरका बसतो.

फट पुरत नसेल तर फोर्क परत जागेवर आणा आणि उंची आतून कापा. फोर्कच्या आतल्या डँपर रॉडवर, फोर्क पूर्ण उघडल्यावरचा धक्का झेलणारी छोटी टॉप-आउट स्प्रिंग असते; तिच्याखाली 25 मिमीचा स्पेसर टाकला की फोर्क वरच्या टोकाला आखूड होतो, ट्रॅव्हल 175 राहते, तळाची जागा हलत नाही. इथं एक चूक हमखास होते. स्पेसर टाकला, पण मुख्य स्प्रिंगवरची नळी 25 मिमीनं कापली नाही, तर प्रीलोड तेवढाच वाढतो आणि तुम्ही बसल्यावर गाडी होती त्याच उंचीवर राहते. कुणी नळीऐवजी स्प्रिंगचाच वेढा कापायला निघालं, तर थांबवा. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि कापलेलं टोक वाटीत सपाट बसत नाही.

मागे लिंक बदलायची वेळ आली तरी हाच हिशोब. तळाला चाक तेवढंच वर येतं, म्हणून शॉकची स्प्रिंग काढून तिथलीही फट मोजल्याशिवाय लिंक घेऊ नका.

सीटचा खर्च मात्र मी पुन्हा सांगेन. हिमालयनची सीट 800 मिमीवर आहे, पण पाय अडतो तो मांडीपाशी, रुंदीमुळे. पुढच्या भागात दोन्ही कडांचा फोम 20-25 मिमी उतरवला की पाय सरळ खाली जातो, आणि सस्पेन्शनला हातही लागत नाही.

साइड स्टँड सगळ्यात शेवटी. गाडी खाली आली की तोच स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं किंवा नुसत्या धक्क्यानं उजवीकडे जाते. उंची पक्की ठरल्यावरच कापा. वेल्डिंग स्टँड गाडीवरून उतरवून करा, आणि खालची पट्टी पुन्हा मूळ कोनातच जोडा.

मागचा सॅग, पुढची तळाची फट आणि साइड स्टँडवर गाडी किती कलते, एवढी तीन मापं इथंच लिहा. स्पेसर लागेल की नाही, ते त्यावरून सांगतो.