बारा शनिवारांचा हिशेब

2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ जिंकलं आणि महाराष्ट्रातला जुना वाद पुन्हा पेटला: खेळाडू घडवायचे कोणी? सरकारने, रेल्वेसारख्या नोकरी देणाऱ्यांनी, की कॉलेजांनी? ‘अमेरिकेत बघा, विद्यापीठंच खेळाडू घडवतात’ हे वाक्य या वादात हमखास येतं. ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात स्टेडियम आणि स्कॉलरशिप. मिशिगनमधून पाहताना मात्र वाटतं, हेवा करायचाच तर इथल्या हंगामाचा करावा.

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन धावण्या-फेकण्याचा) संघाचा 2023 चा हंगाम घ्या. 2 सप्टेंबर ते 25 नोव्हेंबर या काळात तेरा शनिवार येतात. त्यांतल्या बारा शनिवारी सामना, एक मोकळा. सात सामने घरच्या मैदानावर, पाच बाहेर. ही तारीखवारी कित्येक महिने आधी ठरलेली असते, आणि पहिला सामना हरलात तरी उरलेले अकरा खेळायचेच असतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बहुतेक ठिकाणी बाद पद्धत असते. एक सामना हरला की संघाचं वर्ष संपलं. जिंकलेल्यांतून विद्यापीठाचा संघ निवडायचा, थोड्या दिवसांचं शिबिर घ्यायचं आणि मुलांना गाडीत बसवायचं. दुखापतीतून सावरायला किंवा झालेली चूक सुधारायला पुढचा शनिवारच नसतो.

इथला आठवडा साधारण ठरलेला असतो. रविवारी मार लागलेल्यांची तपासणी आणि कालच्या सामन्याची फिल्म. अंगावर सगळे पॅड चढवून होणारा खरा दणकट सराव मंगळवारी-बुधवारी. गुरुवारी हलका सराव, शुक्रवारी नुसती चालत उजळणी. हंगामात आठवड्याला 20 तास आणि दिवसाला 4 तास ही मर्यादा, शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी. ऑगस्टच्या उकाड्यात शिबिर सुरू होतं तेव्हा पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, खांद्याचे पॅड नंतर. शरीराला उन्हाची सवय होण्याआधी जड पॅड चढवले तर घाम सुकत नाही, उष्माघात होतो आणि त्यात मुलं दगावतातही. अभ्यासाचंही तसंच. फुटबॉलच्या खेळाडूने त्या सत्रात नऊ क्रेडिट मिळवले नाहीत, तर पुढच्या हंगामातले पहिले सामने हातचे जाऊ शकतात. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण देतात. इथे गुण वाढवून मिळत नाहीत, उलट गुण नसतील तर खेळ थांबतो. मला हेच बरोबर वाटतं.

या शिस्तीचा कस 11 नोव्हेंबरला पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर लागला. आदल्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉवर बिग टेनने (मिशिगन ज्यात खेळतं त्या विद्यापीठांच्या संघटनेने) उरलेल्या तीन साखळी सामन्यांची बंदी घातली होती. सूत्रं आली सहायक शेरॉन मूर यांच्याकडे. पेन स्टेटचे कडेचे बचावपटू पास फेकणाऱ्यावर तुटून पडणारे होते, म्हणून मूर यांनी पासच बंद केला. अखेरच्या 32 चालींत चेंडू हातात घेऊन फक्त धाव. त्यात दुहेरी फायदा असतो. पास जमिनीवर पडला तर घड्याळ थांबतं, धाव मैदानातच अडवली तर ते चालू राहतं, आणि दोन चालींमध्ये 40 सेकंद खाता येतात. मिशिगनने सामना 24–15 असा घेतला. मुख्य माणूस नसतानाही संघ उभा राहिला, कारण कामं आधीच वाटलेली होती. आपल्याकडे एकच शारीरिक शिक्षण संचालक कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स आणि वर प्रवासाची बिलंही सांभाळतो.

बंदी का, हेही सांगायला हवं. प्रशिक्षक बाजूरेषेवरून हातवारे आणि फलक दाखवून चाल कळवत. त्या खुणा आधी टिपल्या की प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखता येते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना मैदानात जाऊन टिपायला 1994 पासून मनाई आहे, आणि मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने माणसं पाठवून तेच केल्याचा आरोप होता. 2024 मध्ये प्रशिक्षकाला थेट बोलता यावं म्हणून मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ ठेवायला परवानगी मिळाली. उपाय साधा होता, पण तोवर एका हंगामावर कायमचा डाग पडला. तो संघ 15–0 राहिला, 8 जानेवारी 2024 ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला 34–13 हरवून राष्ट्रीय विजेता झाला, तरी तो डाग गेलेला नाही.

राहिला पैसा. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601, म्हणजे तीन वानखेडे. त्यावर सात वर्षांसाठी 7 अब्ज डॉलरहून मोठा बिग टेनचा टीव्ही करार. या कमाईवर पोहणं, कुस्ती, ॲथलेटिक्स चालतं. आपल्याकडे ना ते तिकीट आहे, ना तो करार, तेव्हा स्कॉलरशिपवर चालणाऱ्या संघाची नक्कल करायला जाणं म्हणजे कर्जात बुडणं. 1952 च्या हेलसिंकीसाठी खाशाबा जाधवांना पाठवताना राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, पण प्राचार्याला घर गहाण टाकावं लागतं हे मला आजही बोचतं.

हंगामाला मात्र एवढा पैसा लागत नाही. एका शहरातली आठ कॉलेजं घ्या, खेळ कबड्डी. एकेरी साखळी म्हणजे 28 सामने, प्रत्येक संघाला सात. जुलैच्या मध्यापासून सात शनिवार, दर शनिवारी चार सामने, चार कॉलेजांच्या छपराखाली. प्रत्येक सामना 20-20 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं. पंचांचं मानधन, घोटा मुरगळला तर बर्फ आणि पट्टी, आलेल्या संघाला केळी आणि चहा, एवढा खर्च यजमानाचा. सात शनिवार संपले तरी सप्टेंबर उजाडायचा असतो, परीक्षा दूर असते आणि विद्यापीठाच्या निवड समितीपुढे एका दुपारच्या चाचणीऐवजी प्रत्येक मुलाच्या सात सामन्यांतल्या चढाया आणि पकडी कागदावर असतात.