पाण्याचा निकाल घरी आला पाहिजे

दरवर्षी जूनमध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या घरी पाण्याचा अहवाल येतो. पाणी कुठल्या जलाशयातलं, त्यात शिसं किती, नायट्रेट किती, मर्यादा किती, आणि शेवटच्या रकान्यात सरळ लिहिलेलं असतं : उल्लंघन झालं की नाही. १९९६ साली अमेरिकेच्या पेयजल कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार हा अहवाल दरवर्षी १ जुलैच्या आत ग्राहकांपर्यंत पोचवणं पाणी पुरवणाऱ्यांवर बंधनकारक आहे.

मागच्या खेपेला आई इथं आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं मोठं पातेलं भरून गॅसवर चढवलं आणि गाळायला पंचा मागितला. मी तिला अहवाल दाखवला, एकेक ओळ मराठीत सांगितली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याकडे हे कोण देतं रे?" मला उत्तर देता आलं नाही. पातेलं मात्र तिनं उकळलंच.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा तो प्रश्न मला पुन्हा आठवला. पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन पुरेसं आहे का, याची चर्चा सुरू झाली. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, आरओ बसवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणे, सगळं पालिकेनं बघावं. आणि एक आवाज दरवेळी असतो, तसा होताच : आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील.

या शेवटच्या म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. लोक घाबरतात ते माहिती नसते म्हणून. मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो आरओ बसवतो, निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो आणि पालिकेच्या नळाबद्दल विचारायचं सोडून देतो. वस्तीतली बाई त्याच नळाचं पाणी पोराला पाजते. विचारणारे निघून गेले की नळाला वालीच उरत नाही.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरानं एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केलीच नाही, आणि जुन्या पाइपांतलं शिसं घराघरांत उतरलं. पुढच्या वर्षी राज्याच्या पर्यावरण खात्यानं दोन घरांचे नमुने यादीतून वगळायला लावले आणि शहराचा शिशाचा आकडा १५ पीपीबीच्या (अब्ज भागांत १५ भाग) मर्यादेत बसवला. म्हणजे अहवालातही लबाडी करता येते. पण ती उघडी पडली, कारण वगळलेल्यांपैकी एक घर लीअॅन वॉल्टर्स यांचं होतं आणि आपल्या घरचा आकडा त्यांना पाठ होता. मग व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांनी पाणी तपासलं, बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अॅटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं दाखवून दिलं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर जुन्या स्रोताकडे परतलं. आमच्या शेजारच्या न्यूअर्कमध्येही २०१७ साली शिसं मर्यादेबाहेर गेलं. तिथं नंतर तीनेक वर्षांत तेवीस हजारांच्या आसपास शिशाचे पाइप रहिवाशांकडून पैसे न घेता बदलले गेले.

तपासणी कशी होते, हे मी स्वतः करून पाहिलंय. आमच्या घरचा नमुना मागितला होता. एक लिटरची बाटली आली, सोबत सूचना : निदान सहा तास घरातला नळ उघडायचा नाही. सकाळी उठून चहाच्याही आधी स्वयंपाकघरातल्या नळाची पहिली धार बाटलीत धरली, चिठ्ठीवर वेळ लिहिली, पाइप तांब्याचा आहे तेही लिहिलं. काही आठवड्यांनी आकड्यासह पत्र आलं. नमुना माझ्या ओट्यावरचा होता, शुद्धीकरण केंद्रातला नव्हता.

आपल्याकडे तर याची गरज जास्त आहे. केंद्रातून पाणी चांगलंच निघत असेल. पण ते दिवसातून दोन-तीन तास येतं. उरलेल्या वेळी पाइप रिकामा, दाब शून्य, आणि शेजारून गटार गेलेलं असेल तर फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. म्हणून नमुना लाइनच्या शेवटच्या घरातला हवा, कुठला आणि किती वाजताचा हे छापलेलं हवं. २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं (बीआयएस) शहरांचं पाणी तपासलं, मुंबईचे दहाही नमुने आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाला उतरले आणि दिल्लीचे अकराही नापास झाले. लगेच दिल्ली सरकारनं ते राजकारण ठरवलं. वर्षभर, वॉर्डावॉर्डांतून, नियमानं तपासणी होऊन जाहीर होत असती, तर अकरा बाटल्यांवरून भांडायची वेळ आली नसती. मुळात ते मानक पालिकांवर बंधनकारकच नाही, आणि माझ्या मते दुखणं तिथंच आहे.

यातलं काहीच आपल्याला परकं नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. गावचा जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट करतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते बघतो. गावाला कार्ड आहे, तर शहरातल्या प्रभागाला का नको? मालमत्ता कराच्या बिलासोबत एक पान पाठवा. अमेरिकेत पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जिवाणू सापडला तर २४ तासांत लोकांना कळवावं लागतं. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद म्हणून रिक्षावर भोंगा फिरतो, तोच भोंगा "पाणी उकळून प्या" असंही सांगू शकतो.

गावाकडे, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, दादाच्या सोसायटीनं ओटीची बाटली आणली. नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकले, क्लोरीन असेल तर पिवळं व्हायला हवं. झालं नाही. दादानं तारीख-वेळ घालून अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. आता दर रविवारी सकाळी पाणी आलं की तो तपासतो आणि तारीख, वेळ, रंग लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहितो. फळ्याचा फोटो तो आईला पाठवतो आणि आई मला.