‘४.३ च्या खाली उतरू नका’ हा सल्ला कोकणात चालत नाही

सुट्ट्या जवळ आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो. कोकणात गूगलवर ४.३ पेक्षा कमी रेटिंग असलेल्या घरगुती निवासात उतरू नका. एवढी माणसं खोटं बोलत नाहीत. कमी तारे म्हणजे मालक बेफिकीर. लोक या मेसेजवर बुकिंग ठरवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘एवढी माणसं’ म्हणजे किती? तारकर्लीतल्या दोन-तीन खोल्यांच्या घराला कधी कधी पाचच रिव्ह्यू असतात. चौघांनी पाच तारे दिले आणि एकाने एक, तर सरासरी येते ४.२. घर बाद! दोनशे रिव्ह्यूंच्या रिसॉर्टला असा एकच तारा मिळाला आणि बाकी सगळे पाच असले, तर आकडा ४.९८ राहतो.

खोटं बोलत नाहीत, हेही खरं नाही. २०१७ मध्ये लंडनमधल्या एका लेखकाने घरामागच्या शेडची रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंद केली, ओळखीपाळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतले आणि ते शहरात पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. तोवर तिथे एकही ताट वाढलेलं नव्हतं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं, ते ऐच्छिक ठेवून.

मला खरा राग आहे तो ‘बेफिकीर मालक’ या शिक्क्याचा. एक ताऱ्याचे रिव्ह्यू उघडा आणि तारीख बघा. ‘ताजी सुरमई मिळाली नाही’, महिना जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला सरकारचीच बंदी असते. घरच्या वहिनी सुरमई आणणार कुठून? ‘सिंधुदुर्ग किल्ला बघता आला नाही’, पुन्हा पावसाळा. समुद्र खवळलेला असताना मालवणहून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंदच असतात. रेंज नाही, लाईट गेली, पाऊस थांबेना, या सगळ्याचे तारे घराच्या खात्यातून कापले जातात.

बाथरूम अस्वच्छ होतं, फोनवर एक दर सांगून हातात दुसरंच बिल दिलं, असं वेगवेगळ्या महिन्यांत तिघा-चौघांनी लिहिलं असेल, तर मात्र विश्वास ठेवा आणि तिथे जाऊ नका. पण हे कळायला रिव्ह्यू वाचावे लागतात. आकड्यात ते दिसत नाही.

शिवाय ४.३ ची चाळणी लावली की ४.२ चं घर शोधताना दिसतच नाही. पाहुणे आले नाहीत तर नवे रिव्ह्यू येत नाहीत, आणि जुलैतल्या त्या एका ताऱ्यावर घराचा मे महिन्याचा हंगामही रिकामा जातो.