रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं भक्कम?

हाडांबद्दलचा एक मेसेज सतत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हाडं म्हणजे कॅल्शियम. रोज कॅल्शियमची गोळी घ्या, व्हिटॅमिन डी जितकं जास्त तितकं चांगलं. रक्तातलं कॅल्शियम तपासा, नॉर्मल आलं की निर्धास्त राहा. हार्मोन हा बायकांचा विषय. आणि एकदा झिजलेलं हाड पुन्हा भरत नाही, तेव्हा उशीर करू नका.

सगळंच खोटं असतं तर खोडून काढणं सोपं होतं. यातलं थोडं खरं आहे आणि बाकीच्यापायी माणसं योग्य तपासणी टाळतात.

“रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, म्हणजे हाडं ठीक”

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. शरीरातलं सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातला वाटा अगदी थोडा, पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन आणि नसांचं काम त्याच्यावर चालतं. म्हणून शरीर ही पातळी डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच्या आत राखतं. ती जराशी घसरली, की थायरॉइडच्या मागच्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपला हार्मोन सोडतात. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात आणि व्हिटॅमिन डीचं कार्यक्षम रूप तयार करतात. त्यामुळे आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषलं जातं. तेवढ्यानं भागलं नाही, तर हाड विरघळवून कॅल्शियम रक्तात आणलं जातं.

म्हणजे वर्षानुवर्षं हाडांच्या ठेवीतून उचल होत राहते आणि रिपोर्ट नॉर्मलच येत राहतो. ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याच्या आजाराच्या, बहुतेक रुग्णांचं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असतं. ही रक्ततपासणी निरुपयोगी नाही. कॅल्शियम वाढलेलं आलं तर पॅराथायरॉइडचा आजार त्यातूनच लक्षात येतो. पण हाडांची घनता मोजायची असेल तर डेक्सा स्कॅन, म्हणजे सौम्य क्ष-किरणांची तपासणी, लागतो. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

“हार्मोन हा बायकांचा विषय”

1994 साली 28 वर्षांच्या एका पुरुषाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंची 204 सेंटिमीटर, आणि ती अजून वाढतच होती. लांब हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढीच्या चकत्या विशीपर्यंत बुजतात. त्याच्या उघड्याच होत्या. हाडांच्या वाढीवरून त्याचं वय 15 निघत होतं आणि हाडं मात्र ठिसूळ होती. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन व्यवस्थित होता. दोष होता तो बायकांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनचा संदेश पकडणाऱ्या पेशींतल्या रिसेप्टरमध्ये: रक्तात इस्ट्रोजेन भरपूर, पण पेशींना त्याचा संदेशच पोहोचत नव्हता. पुरुषाची उंची थांबवणारा आणि त्याचं हाड टिकवणारा हार्मोनही मुख्यतः इस्ट्रोजेनच आहे, हे या एका माणसामुळे स्पष्ट झालं. पुरुषांच्या शरीरात तो टेस्टोस्टेरॉनपासून तयार होतो.

हाड ही जिवंत ऊती आहे. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या तिथे नवं भरतात. प्रौढ सांगाड्याचा जवळपास दहावा भाग दर वर्षी असा बदलला जातो. पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. पाळी जाण्याच्या सुमारास हा आवर सुटतो आणि त्या काही वर्षांत मणक्यातलं हाड दर वर्षी साधारण 2 टक्के झिजतं. नुसत्या गोळीनं ही झीज थांबत नाही, कारण मूळ अडचण कॅल्शियमच्या तुटवड्याची नसते.

एवढ्यावर भागत नाही. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडं नवं हाड बनवणाऱ्या पेशींनाच दडपतात. थायरॉइडचा हार्मोन प्रमाणाबाहेर गेला तरी हाड झिजतं. उपासमार किंवा अतिव्यायामामुळे तरुण मुलीची पाळी महिनोन्महिने बंद असेल, तर ती हाडं जमवण्याच्या वयातच हाडं गमावत असते. या मुलींबद्दल मेसेजमध्ये एक ओळही नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

“व्हिटॅमिन डी जितकं जास्त तितकं चांगलं”

कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. मुलांमधला मुडदूस आणि मोठ्यांमधली मऊ पडलेली, दुखरी हाडं हा त्या कमतरतेचाच परिणाम. पण 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा 5 लाख युनिटांचा डोस दिला होता. ज्यांना तो मिळाला त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

“रोज कॅल्शियमची गोळी घ्या”

आहारात कॅल्शियम खरंच कमी असेल तर गोळीचा उपयोग होतो. सरसकट सगळ्यांना नाही. अमेरिकेत 36,000 हून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत कॅल्शियम आणि डी मिळून घनता किंचित वाढली, खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही आणि मूतखडे 17 टक्क्यांनी वाढले. शिवाय हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. फॉस्फरस हवा. खनिजांना धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन हवं, आणि ते नीट बनायला व्हिटॅमिन सी. अंगावर भार पडणारी हालचालही हवीच. अंतराळात भार नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्यातलं हाड महिन्याला टक्काभर तरी घटतं.

“झिजलेलं हाड पुन्हा भरत नाही”

या वाक्यानं रुग्ण हात टेकतात, आणि ते खरं नाही. पॅराथायरॉइड हार्मोन सतत चढलेला राहिला तर हाड झिजवतो. त्याच हार्मोनचा एक तुकडा, टेरिपॅराटाइड, रोज एकदा इंजेक्शननं दिला की तो थोडा वेळ चढतो, उतरतो आणि नवं हाड घडवतो. 2002 पासून हे औषध वापरात आहे. ते सर्वांसाठी नाही. पण किरकोळ पडण्यानं मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, तर डेक्सा स्कॅन आणि अशा औषधांबद्दल डॉक्टरांना विचारायची वेळ तीच.