दिव्यांग उमेदवार दारात आल्यास घाबरून जाऊ नये

प्राचार्य, परीक्षा विभागातले साहेब, एचआरवाले आणि खिडकीपलीकडचे समस्त मान्यवर, हा लेख तुमच्यासाठी आहे. आज ना उद्या तुमच्या दारात एखादी पांढरी काठी, कुबडी नाहीतर व्हीलचेअर येणारच. 2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव झाल्या, सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के. त्यामुळे गेटवरूनच हाकलून देता येत नाही. पण म्हणून गडबडून जायचं कारण नाही. कायद्याला धक्का न लावता आलेलं माणूस परत कसं पाठवायचं, याचे काही अनुभवसिद्ध मार्ग सांगते. अनुभव माझा, कौशल्य तुमचं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उमेदवाराशी बोलू नका. सोबत जो आला असेल त्याच्याशी बोला. परवाच एका ऑफिसात मुलाखतीला गेले होते. मी पूर्ण अंध, अर्थशास्त्रात एम.ए. जागा नवीन म्हणून धाकट्या भावाला बरोबर नेलं होतं. साहेबांनी माझा बायोडेटा हातात घेतला, चाळला आणि भावाला विचारलं, "यांचं शिक्षण किती झालंय?" तो बारावीत आहे, त्याला माझ्या पेपरांची नावंही धड माहीत नाहीत. "यांना कॉम्प्युटर येतो का?" हेही त्यालाच. तो म्हणाला, "ताईलाच विचारा ना." साहेब हसले आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच टाकला, "घरून परवानगी आहे ना?" शेवटी फार हळहळून म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट नाही हो, जिने आहेत. यांना उगाच त्रास." अहो, मी त्याच जिन्याने वर आले होते. मला डोळे नाहीत, पाय आहेत. पण साहेबांच्या लेखी अपंग म्हणजे अपंग, त्यात पोटभेद कशाला?

आता इमारतीकडे वळू. रॅम्प जरूर बांधा, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या अहवालात दाखवायला बरा पडतो. नियमाने उतार 1:12 पेक्षा तीव्र नको, म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. एवढी जागा कुठून आणणार? सहा फुटांत उरकून टाका, फोटोत उतार कळत नाही. समिती गेली की त्याच्या तोंडाशी स्टाफच्या दुचाक्या लावा.

दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप हवंच, आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे.

वर्गात कर्णबधिर मुलगा असेल तर फळ्याकडे तोंड करून शिकवा. ओठ वाचायची सवय लागली की मुलं परावलंबी होतात.

अंध विद्यार्थ्याने नोट्स मागितल्या तर नाही म्हणू नका. झेरॉक्सचे मोबाइलवर फोटो काढा, त्यांची पीडीएफ करा आणि पाठवा. पडद्यावरचं आम्हाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर, त्याला त्यात एकही अक्षर सापडत नाही, पान रिकामं असल्याचं सांगून तो गप्प बसतो. टाइप केलेलंच हवं म्हणून हट्ट धरला तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल द्या. पडद्यावर झकास मराठी दिसतं, आमच्या कानात मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. तक्रार आली की म्हणायचं, "बाकीच्यांना तर दिसतंय."

पण तुमचा खरा हुकमी एक्का म्हणजे लेखनिक, परीक्षेत आम्ही तोंडाने सांगतो ते कागदावर उतरवणारा. तो नीट वापरलात तर विद्यार्थी पदवीपर्यंत पोचणारच नाही. सुरुवात अर्जापासून करा. अर्ज विभागात द्यायला सांगा. विभागाने परीक्षा शाखेत पाठवावा, परीक्षा शाखेने प्राचार्यांची सही आणायला सांगावी, प्राचार्यांनी मीटिंगला जावं. अर्जासोबत लेखनिकाची मार्कशीट, बोनाफाइड, फोटो, ओळखपत्र मागा. विद्यार्थ्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे आलं तर सिव्हिल हॉस्पिटलचं मूळ प्रमाणपत्र मागा. ते दिलं तर ताजं आणायला सांगा. त्यावर 'कायमस्वरूपी' असं छापलेलं असलं म्हणून काय झालं, मधल्या सहा महिन्यांत दिसायला लागलं असेल! मग लेखनिकाची पात्रता काढा. तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, आणि असा प्रत्येक मुलगा त्याच आठवड्यात स्वतःच्या परीक्षेला बसलेला असतो. आदल्या रात्री ओळखीच्या ओळखीतून कोणी तरी कबूल होतो. बिचारा मनापासून येतो, पण विषय त्याच्या गावीही नसतो. मी 'सीमांत उपयोगिता' सांगते, तो विचारतो, "सीमा कोण?" मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली येतो असं मी तोंडाने सांगते, तो कागदावर वर चढवतो, आणि ते मला निकालाच्या दिवशी कळतं.

बसवायचं कुठे? स्टोअररूममध्ये, मोडक्या बाकांच्या शेजारी. नाहीतर सरळ पॅसेजमध्ये. तिथे सुपरवायझर येऊन म्हणणार, "हळू बोला, आतल्या मुलांना डिस्टर्ब होतं." हळू बोललं तर, "काय कुजबुज चालली आहे? कॉपी सांगताय का?" आणि जादा वेळ! केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ सांगितला आहे, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. घंटा झाली की सुपरवायझर येऊन उत्तरपत्रिका ओढतात. परिपत्रकाची प्रत पुढे केली तर ठरलेलं उत्तर, "आमच्यापर्यंत आलेलं नाही." 2018 चं आहे साहेब. कुठल्या घाटात अडकलंय? त्या तासात माझा शेवटचा प्रश्न असतो, मला तो पाठ असतो, मी बोलत असते आणि लेखनिकाच्या हाताखालून कागद निघून जातो. का, तर शिपायाला खोली बंद करून घरी जायचंय. निकालात तेवढेच मार्क कमी आले की तुम्हीच मान हलवून म्हणता, "या मुलांना झेपत नाही हो उच्च शिक्षण." झेपत नाही? तुम्ही लिहू दिलंत का?

माफ करा, सल्ला द्यायचा होता.

लेखनिकाचंच आणखी एक. ज्यांचं अपंगत्व 40 टक्क्यांच्या आत आहे किंवा वरवर बघून कळत नाही, त्यांना सरळ वाटेला लावा. हात थरथरतो? तो सगळ्यांचाच थरथरतो पेपरात. फक्त 2021 चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल वाचू नका. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, 40 टक्क्यांची अट पुढे करून त्याला लेखनिक नाकारला होता, आणि ती अट लेखनिक नाकारायला पुरेशी नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. वाचलात तर काम वाढेल.

एवढं सगळं करूनही कोणी पदवी घेऊन बाहेर पडलाच तर पुढची जबाबदारी एचआरची. अर्ज ऑनलाइनच घ्या आणि शेवटी चित्रातल्या वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा ठेवा. आवाजाचा पर्याय देऊ नका, मशीन आणि अंध दोघेही एकदम बाहेर राहतात. त्यातूनही कोणी मुलाखतीपर्यंत आलं तर अर्धा वेळ "तुम्ही घरी एकट्या कशा वावरता?" यावर घालवा. विषयाचा प्रश्न चुकूनही विचारू नका, उत्तर आलं तर पंचाईत. निरोप देताना "तुमच्याकडून खूप प्रेरणा मिळाली" म्हणा, आणि "कळवतो".

नोकरी द्यावीच लागली तर टेलिफोनवर बसवा. फोन नसेल तर नुसतं बसवा. ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं एकही बटण स्क्रीन रीडरने वाचता येत नाही, हे कोणाला सांगू नका. वर्षभराने अहवालात लिहा, "कामाचा उत्साह दिसून येत नाही."

आणि 3 डिसेंबर विसरू नका, जागतिक दिव्यांग दिन. बॅनर लावा, सत्कार करा, 'जिद्द' हा शब्द भरपूर वापरा, फोटो टाका. 4 तारखेला व्हेकन्सी नसते, ते ओघानेच आलं.

आता बास. यातल्या कशाला पैसे लागतात, सांगा बरं मला. नोट्सची युनिकोडमधली वर्ड फाइल पाठवायला पैसे लागतात? वर्गाकडे तोंड करून बोलायला? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो बनवायला घेतला. ते काम त्यांनी केलं, तुम्हाला तो नुसता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकायचाही कंटाळा! सत्राच्या सुरुवातीला लेखनिकांची यादी करायला एका क्लार्कची एक दुपार पुरते. त्याऐवजी तुम्ही दर परीक्षेला एका मुलाला रात्रभर फोन करत बसवता आणि सकाळी पेपरात लक्ष का नाही म्हणून विचारता.

खासगी कंपनीवाल्यांनी बाजूला उभं राहून हसू नये. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला करावं लागतं. 20 किंवा अधिक माणसं कामाला असतील तर दिव्यांगांची भरती बघायला संपर्क अधिकारी नेमलाय हेही त्यात लिहावं लागतं. कोण आहे तुमच्याकडे तो अधिकारी? त्याला स्वतःला तरी माहीत आहे का? वेबसाइटवर 'डायव्हर्सिटी' म्हणून हसऱ्या माणसाचा व्हीलचेअरमधला फोटो टाकता, आणि तो खराखुरा तुमच्या ऑफिसात आला तर दारातून आत तरी येईल का, हे कधी टेप लावून मोजलंय?

आणि हे वाचून "दिसत नसताना किती छान लिहिता हो" असं मला कळवायची तसदी घेऊ नका. परीक्षा तोंडावर आल्या आहेत, लेखनिकांचे अर्ज तुमच्या टेबलावर पडलेत. आधी त्यावर सह्या करा.